फ्रान्सच्या ग्रामीण भागात निवांत सुट्टी: मुक्काम नेमका कुठे करावा?

मंदगती:
नमस्कार. येत्या मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फ्रान्सच्या ग्रामीण भागात दोन आठवडे राहण्याचा आमचा विचार आहे. मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि माझे आई-वडील असे आम्ही पाच जण आहोत. वडील सपाट रस्त्यावर अर्धा तास सहज चालतात, पण जिन्यांचा त्यांना त्रास होतो. आई शाकाहारी आहे आणि अंडेही खात नाही. पॅरिस आम्ही सर्वांनी पूर्वी पाहिले आहे, त्यामुळे या वेळी रोज सामान बांधून नवे हॉटेल गाठायचे नाही. सकाळी चालत जाऊन पाव आणावा, बाजारातून भाजी घ्यावी, दुपारी जवळपासचे एखादे ठिकाण पाहावे आणि संध्याकाळी अंगणात गप्पा माराव्यात, एवढीच अपेक्षा आहे.

प्रोव्हान्समधील ल्युबेरों, दोर्दोन्य आणि लॉत या नद्यांचा परिसर आणि बरगंडीचा दक्षिण भाग, असे तीन प्रदेश डोळ्यांसमोर आहेत. घरांचे प्रकार मात्र इतके आहेत की वाचता वाचता गोंधळ वाढतच गेला. आधी प्रदेश ठरवावा की घर? दोन्ही आठवडे एकाच ठिकाणी काढावेत की मध्ये जागा बदलावी? मी मोटार चालवेन, पण रोज दोन-तीन तास चाकावर बसण्याची इच्छा नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

नाचणी:
ल्युबेरोंविषयी आधी लिहिते, कारण बहुतेकांच्या मनात तिथे जायचे ते जांभळ्या शेतांसाठी. लव्हेंडरचा बहर साधारण जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असतो. तुमच्या तारखांना सेनांकच्या मठापुढील झुडपे हिरवी-करडीच असतील. गोर्द, बोन्यू, लाकोस्त ही गावे डोंगराच्या टोकावर वसलेली असल्याने वाहनतळापासून चौकापर्यंत चढच चढ आहे आणि घरभाडीही इतर दोन प्रदेशांपेक्षा जास्त असतात. शिवाय मिस्त्राल, म्हणजे उत्तरेकडून येणारा थंड, जोराचा वारा, सुटला की अंगणात बसणे बाजूलाच राहते. प्रदेश सुंदर आहे यात वाद नाही, रुसियोंच्या गेरूच्या खाणींतील रंग पाहिल्यावर मी बराच वेळ तिथून हललेच नव्हते, पण तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करता मी हा पर्याय मागे ठेवेन.

तुलूझकर:
मी नोकरीनिमित्त अनेक वर्षे तुलूझमध्ये राहतो आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांसाठी अशी घरे शोधून देण्याचे काम बहुतेक उन्हाळ्यांत माझ्याकडे येते. त्यावरून झालेले माझे मत असे, की प्रदेश हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न गावाच्या आकाराचा आहे, आणि जाहिरातीतील छायाचित्रांतून नेमकी तीच गोष्ट कळत नाही.

फ्रान्सच्या ग्रामीण भागात मुक्कामाच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या वस्तीत मिळतात. पहिली म्हणजे शेतातले एकटे घर किंवा चार-पाच घरांची वाडी. इथे दृश्य सुंदर असते, भाडे तुलनेने कमी असते, पोहण्याचा तलावही मिळतो, पण पावापासून पेट्रोलपर्यंत प्रत्येक वस्तूसाठी मोटार काढावी लागते. जाहिरातीत ‘गाव तीन किलोमीटरवर’ असे लिहिलेले असते. ते तीन किलोमीटर बहुधा पदपथ नसलेल्या रस्त्याचे असतात आणि त्यावर गाड्या ऐंशीच्या वेगाने धावत असतात. तिथून तुमचे वडील एकटे फिरायला बाहेर पडू शकणार नाहीत.

दुसरी म्हणजे नामांकित देखणी खेडी. ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर खेडी’ ही संघटना 1982 मध्ये कोलोंज-ला-रूज येथे स्थापन झाली. दोन हजारांहून अधिक लोकसंख्येच्या गावाला तिचे सदस्यत्व मिळत नाही आणि गावात किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळे असावी लागतात. ही गावे जरूर पाहावीत, पण मुक्कामासाठी ती सोयीची नाहीत. लॉत नदीवरच्या कड्यावरील सँ-सीर-लापोपी या गावात कायम राहणारे लोक दोनशेच्या आसपास आहेत आणि उन्हाळ्यात येणारे पर्यटक त्यांच्या कितीतरी पट आहेत. दुकाने आहेत, पण ती पर्यटकांसाठी आहेत. रोजच्या जगण्याला लागणारा किराणा, औषधे किंवा डॉक्टर यांसाठी तिथल्या रहिवाशांनाही खाली उतरावे लागते.

तिसरी वस्ती म्हणजे बाजारगाव, ज्याला इथे ‘बूर’ म्हणतात. दोन-अडीच हजारांपासून फार तर दहा-बारा हजारांपर्यंत लोकवस्ती, आठवडी बाजार, वेगवेगळ्या दिवशी सुट्टी घेणारे दोन-तीन पाववाले, हिरव्या क्रॉसची पाटी असलेले औषधांचे दुकान, दवाखाना, मध्यम आकाराचे सुपरमार्केट आणि बाराही महिने उघडी असणारी दोन-चार उपाहारगृहे. ल ब्यूग, मोंतिन्याक, फिजाक, व्हिलफ्रांश-द-रुएर्ग, क्लुनी ही अशी गावे. त्यांच्या नावाने जगभर छायाचित्रे फिरत नाहीत, पण तुम्ही वर्णन केलेली सुट्टी इथेच मिळते. घर भर बाजारपेठेत नको. मध्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या पायी अंतरावर, गावाच्या कडेला, थोडे अंगण असलेले घर शोधावे.

शोधताना घराच्या पत्त्यात ‘लिय-दी’ हा शब्द किंवा केवळ एखाद्या शेताचे नाव दिसले तर ते घर वाडीतले आहे असे समजावे, मग वर गावाचे नाव काहीही असो. नकाशावर घरापासून पाववाल्यापर्यंतचा रस्ता पाहावा आणि शक्य असल्यास रस्त्यावरील छायाचित्रांतून पदपथ आहे का, चढ किती आहे, हेही तपासावे. आमच्या एका नातेवाइकांनी ‘गावाच्या मध्यापासून पाच मिनिटे’ या वाक्यावर विश्वास ठेवून एक घर घेतले. ती पाच मिनिटे मोटारीची होती, तीही घाटाची.

मला विचाराल तर दोर्दोन्य-लॉत हा परिसर तुम्हाला सर्वांत योग्य आहे, कारण इथे पाहण्यासारख्या गोष्टी जवळजवळ आहेत. वेझेर नदीच्या खोऱ्यातील प्रागैतिहासिक गुहा 1979 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. लास्कोची मूळ गुहा 1940 मध्ये सापडली आणि चित्रांची हानी होऊ लागल्याने 1963 मध्ये बंद करण्यात आली, परंतु 2016 च्या अखेरीस मोंतिन्याकजवळ उघडलेली तिची संपूर्ण प्रतिकृती लहान मुलांना आणि ज्येष्ठांना, दोघांनाही सोयीची आहे. मूळ चित्रेच पाहायची असतील तर लॉतमधील पेश-मेर्ल गुहा आहे. तिथे दिवसाला सातशे जणांनाच प्रवेश देतात, त्यामुळे आरक्षण आधी करावे.

पिंगळा:
तुलूझकरांचे म्हणणे व्यवहारी आहे, पण मला ते पूर्णपणे पटत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाने इतका खर्च करून फ्रान्सला जावे आणि पुन्हा दुकाने, दवाखाने, वाहनतळ यांच्याच सोबतीत राहावे, हे मला विचित्र वाटते. आम्ही लॉत जिल्ह्यात एका उजाड पठारावरील जुन्या मेंढपाळाच्या घरात राहिलो होतो. कोसभर दिवा नव्हता. आकाशगंगा इतकी स्वच्छ मी फक्त लहानपणी आजोळी पाहिली होती. सकाळी मोटारीने जाऊन दोन दिवसांचा पाव आणायचा आणि मग दिवसभर कुणाचे तोंड पाहायचे नाही. दाराशेजारून लाल-पांढऱ्या खुणांची पदभ्रमणाची वाट जात होती, तिच्यावर रोज चालायचे. बाजारगावात रात्री मोपेडी फिरतात आणि पहाटे चर्चच्या घंटा वाजतात. ज्याला शांतता हवी त्याने वाडीतच राहावे.

तुलूझकर:
पिंगळा, तुम्ही दोघेच होता आणि दोघेही डोंगर चढणारे. तुमच्यासाठी ते घर उत्तमच होते. मंदगतींसोबत दोन ज्येष्ठ आणि एक मूल आहे. रात्री कुणाला बरे वाटेनासे झाले तर 15 किंवा 112 वर फोन करता येतो हे खरे, पण रुग्णवाहिकेला तुमची वाडी सापडायला हवी. आळीपाळीने उघडे राहणारे औषधांचे दुकान 3237 या क्रमांकावर कळते, तेही वाडीपासून चाळीस किलोमीटरवर असू शकते.

उंबरठा:
शांततेविषयी एक अवांतर. फ्रेंच खेडे शांत असते ही शहरी लोकांची समजूत आहे. ओलेरों बेटावर मोरीस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्याने झोपमोड होते म्हणून शेजाऱ्यांनी खटला भरला होता आणि 2019 मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर 29 जानेवारी 2021 च्या कायद्याने ग्रामीण भागातील आवाज आणि वास यांना वारशाचा दर्जाच देण्यात आला. म्हणजे घंटा, कोंबडे, ट्रॅक्टर आणि शेणाचा वास यांबद्दल तक्रार करण्याची सोय आता वाडीतही फारशी उरलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि नंतर काही काळ बोर्दोत होते, त्यामुळे घरांच्या प्रकारांविषयी थोडे सांगू शकेन. ‘झीत’ म्हणजे स्वयंपाकघरासह पूर्ण घर. त्यात तुमचे तुम्ही राहायचे. ‘शांब्र दोत’ म्हणजे यजमानांच्या राहत्या घरातील खोली. कायद्याने अशा घरात पाचपेक्षा जास्त खोल्या आणि पंधरापेक्षा जास्त पाहुणे ठेवता येत नाहीत, आणि न्याहारी व अंथरूण-पांघरूण भाड्यातच धरलेले असते. कोकणातल्या घरगुती मुक्कामाची किंवा आपल्या पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेची ज्यांना सवय आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल. काही यजमान रात्रीचे जेवणही देतात. त्याला ‘ताब्ल दोत’ म्हणतात. ते जेवण फक्त मुक्कामी पाहुण्यांसाठी असते, सर्वांना एकच बेत असतो आणि बहुतेकदा यजमानही त्याच टेबलावर बसतात. आठ वाजता सुरू झालेले जेवण दहा-साडेदहापर्यंत चालते. फ्रेंच येत असेल तर याहून आनंदाचा प्रकार नाही, आणि येत नसेल तर तिसऱ्या पदार्थापर्यंत हसून हसून गाल दुखू लागतात.

माझी सूचना अशी, की पहिल्या दोन-तीन रात्री शांब्र दोतमध्ये काढाव्यात आणि मग उरलेल्या काळासाठी झीत घ्यावे. पहिल्या दिवशी विमान, रेल्वे, मोटार असा प्रवास करून थकलेल्या ज्येष्ठांना रिकाम्या घरात शिरून किराण्याची यादी करायला लावणे बरोबर नाही.

शेतकऱ्यांकडेच राहायचे असेल तर ‘बियँव्हन्यू आ ला फेर्म’ ही कृषी मंडळांची खूण पाहावी. ‘झीत द फ्रान्स’ ही 1950 च्या दशकापासून चालत आलेली घरमालकांची संघटना घरांना हॉटेलच्या ताऱ्यांसारखी एक ते पाच कणसे देते. कणसे मुख्यतः घराच्या सोयी मोजतात. पाच कणसांचे घर निर्जन माळावर असू शकते आणि दोन कणसांचे घर पाववाल्याच्या शेजारी. माझे मत, तीन कणसांच्या पुढे जाण्याची फारशी गरज नसते.

वाळा:
आहाराविषयी मी लिहिते, कारण दोर्दोन्य हा भाग शाकाहारी माणसासाठी फ्रान्समधील अवघड भागांपैकी एक आहे आणि वर कुणीच ते सांगितलेले नाही. पेरिगोर, हे दोर्दोन्यचेच जुने नाव, म्हणजे बदक आणि हंस यांचा प्रदेश. तिथल्या सार्ला गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेले बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परतलेले असतात, सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर पुष्कळ ठिकाणी मासा किंवा ऑम्लेट पुढे येते. अंडे न खाणाऱ्या आईंसाठी उपाहारगृहांवर विसंबून दोन आठवडे काढणे कठीण आहे. त्यामुळे स्वयंपाकघर असलेले घर ही तुमची गरजच समजा. शांब्र दोतमध्ये पाहुण्यांना स्वयंपाकघर बहुधा वापरू देत नाहीत, हे उंबरठा यांच्या सूचनेसोबत लक्षात ठेवावे.

घरी रांधायचे म्हटले तर मात्र चैन आहे. पावासाठी ‘त्रादिस्यों’ मागावा. 1993 च्या शासन-आदेशानुसार त्यात मूलतः पीठ, पाणी, मीठ आणि खमीर किंवा यीस्ट एवढेच घालता येते, त्यामुळे अंड्याची शंका नाही. ब्रिओशमध्ये अंडे असते आणि क्र्वासाँवर बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो. मसुराची डाळ ‘लाँतीय कोराय’ नावाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळते, काबुली चणे सर्वत्र मिळतात आणि ल पुईच्या हिरव्या मसुराची उसळ फार छान होते. बहुतेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण असते, त्यामुळे आई त्याबाबत काटेकोर असतील तर आधीच विचारून घ्या.

भारतातून हळद, हिंग, गोडा मसाला न्यावा, पण तूप, पेढे, बर्फी नेऊ नये, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. ताज्या कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. तिथले बिनमिठाचे लोणी कढवून केलेले तूप मला आपल्या तुपाइतकेच आवडले.

रानवारा:
मोटारीशिवाय हे शक्य आहे का, असे विचारणारे पुष्कळ असतात, म्हणून थोडक्यात लिहितो. दोर्दोन्यमध्ये मोटारीशिवाय फार अडचण होते, कारण रेल्वे आहे पण फेऱ्या मोजक्या आहेत आणि रविवारी बसची आशा धरू नये. मोटार नकोच असेल तर अल्सासमध्ये कोल्मारच्या आसपास किंवा बरगंडीत बोन येथे राहावे. दक्षिण बरगंडीत क्लुनीही चांगले आहे. जुन्या रेल्वेमार्गावर तयार केलेली हरितवाट गावाला लागूनच जाते. जिवरी ते क्लुनी हा तिचा भाग 1997 मध्ये खुला झाला आणि फ्रान्समधील अशा पहिल्या वाटांमध्ये त्याची गणना होते. चढ जवळजवळ नाही, त्यामुळे मुलगी सायकलवर आणि आजोबा चालत, असे दोघांनाही जमेल. तेझेचा ख्रिस्ती आश्रमही याच वाटेवर आहे. मात्र क्लुनीचा मठ आणि आसपासची रोमनेस्क चर्चे यांपलीकडे दहा वर्षांच्या मुलीला रमवणाऱ्या गोष्टी तिथे कमी आहेत, हे मान्य करावे लागेल.

कालव्यावरील घरनौकेचाही कुणी विचार करत असेल. भाड्याच्या अशा नौका चालवायला वेगळा परवाना लागत नाही आणि कानाल द्यु मिदीवर ती मजा काही औरच आहे. पण नौकेत चढणे-उतरणे, अरुंद पायऱ्या आणि प्रत्येक जलपाशावर, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नौका वर-खाली करणाऱ्या दरवाजांपाशी, दोर धरणे हे तुमच्या वडिलांना झेपणार नाही.

मंदगती:
सर्वांचे मनापासून आभार. घरात चर्चा होऊन दोर्दोन्य-लॉत परिसर निश्चित झाला आणि फिजाक व ल ब्यूग ही दोन गावे उरली. फिजाकमध्ये जुन्या पेठेतील तेराव्या शतकातील दगडी घराचा दुसरा मजला फार आवडला आहे. ल ब्यूगमधील घर गावाच्या कडेला आहे, एकमजली आणि दिसायला अगदी साधे. पत्नीचा कल पहिल्याकडे आहे. दोन्ही ठिकाणच्या करारांचे मसुदे आले आहेत. त्यांत काय पाहावे?

उंबरठा:
फिजाकच्या त्या घराचा मोह मला समजतो. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शाँपोलियों ज्या गावात जन्मला त्या गावात दगडी कमानीखाली राहायला कुणाला आवडणार नाही? पण त्या पेठेतील जिने बहुधा गोल, अरुंद आणि झिजलेल्या दगडाचे असतात. शोधताना ‘प्लँ-पिए’, म्हणजे सर्व खोल्या एकाच पातळीवर आणि आत शिरायला पायरी नाही, असे घर मागावे. जुन्या दगडी घरांत असे क्वचित मिळते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत बांधलेली साधी घरे छायाचित्रात मार खातात, पण वडिलांना रात्री न्हाणीघरात जाताना कुणाला हाक मारावी लागत नाही.

करारात सर्वप्रथम आगाऊ रकमेला काय म्हटले आहे ते पाहा. ‘आर’ लिहिले असेल तर तुम्ही रद्द केल्यास ती रक्कम बुडते, आणि मालकाने रद्द केल्यास त्याने दुप्पट परत करायची असते. ‘आकोंत’ लिहिले असेल तर व्यवहार पक्का मानला जातो आणि रद्द केल्यास मालक पूर्ण भाडेही मागू शकतो. व्हिसाचा निकाल हाती नसताना हा फरक महत्त्वाचा आहे. शक्य असल्यास ‘व्हिसा नाकारल्यास परतावा’ असे वाक्य लेखी घालून घ्यावे. अर्जासोबत निवासाचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी सही केलेला करार ठेवावा, आणि त्यावर पाचही जणांची नावे व पूर्ण तारखा असाव्यात.

तुलूझकर:
आणखी काही बाबी. चादरी, टॉवेल आणि शेवटची साफसफाई झीतच्या भाड्यात अनेकदा नसते. ती रक्कम आणि पर्यटन कर मिळवल्याशिवाय दोन घरांची तुलना करू नये. मे महिन्यात रात्री गारठा असतो आणि काही करारांत तापवण्याचा खर्च मीटरप्रमाणे वेगळा घेतात. काही मालक ‘व्हिलेजियात्यूर’ विमा मागतात, म्हणजे भाडेकरूकडून घराचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा. तो फ्रेंच कुटुंबांकडे घराच्या विम्यासोबत असतो, आपल्या प्रवास विम्यात बहुधा नसतो. आधी पत्र लिहून तोडगा काढावा. अनामत रक्कम परत मिळण्यासाठी आल्यावर मालकासोबत घराची पाहणी करून आधीच फुटलेल्या-तुटलेल्या वस्तू लिहून घ्याव्यात. तलाव असेल तर 2003 च्या कायद्यानुसार त्याला कुंपण, झाकण, छत किंवा धोक्याची घंटा यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे. मुलगी दहा वर्षांची असली तरी कुंपणच बरे.

मोटारीसाठी भारतातील परवान्यासोबत परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. स्वयंचलित गियरची गाडी हवी असेल तर तसे आरक्षणातच नमूद करा, कारण भाड्याच्या साध्या गाड्या बहुतेक हाताच्या गियरच्या असतात. गावांमध्ये, पाटी नसेल तिथे, उजवीकडून येणाऱ्या गाडीला प्राधान्य असते, मग ती कितीही लहान गल्लीतून येवो. सुरुवातीला हे फार गोंधळाचे वाटते.

नाचणी:
दोन्ही आठवडे एकाच ठिकाणी की दोन ठिकाणी, हा प्रश्न मागेच राहिला. माझे मत एकाच ठिकाणी. दुसऱ्या आठवड्यात पाववाली ओळखू लागते आणि आईंना स्वयंपाकघर हाताखालचे होते. मे महिन्यात भाव उतरलेले असतात, दोन आठवड्यांसाठी मालक आणखी सवलतही देतात. मागून पाहावी.

पिंगळा:
मीही आता ल ब्यूगच्या बाजूने मत देतो, पण वेगळ्या कारणाने. तिथून लिमय गावी, जिथे वेझेर दोर्दोन्यला मिळते, जायला थोडाच वेळ लागतो आणि संगमाजवळ नदीकाठी सपाटीवर बसता येते. प्रागैतिहासिक गुहांसाठी प्रसिद्ध असलेले लेझेझीही जवळ आहे. शिवाय गावातच 1900 च्या सुमाराचे खेडे उभे केलेले उद्यान आहे, मुलीचा एक दिवस तिथे जाईल. फिजाकहून रोकामादूरचे कड्यावरील तीर्थक्षेत्र आणि पादिराकची गुहा पाहायची तर पाऊण-पाऊण तास गाडी चालवावी लागते.

मंदगती:
पत्नीने प्लँ-पिएचे छायाचित्र वडिलांना दाखवले आणि त्यांनी निकाल देऊन टाकला. तरीही एक शंका आहे. दोन्ही मालक शनिवारी दुपारी चारनंतर या आणि शनिवारी सकाळी दहापर्यंत घर सोडा असे म्हणतात. याने काही फरक पडतो का?

तुलूझकर:
पडतो, आणि तो ल ब्यूगच्या बाजूने पडतो. शनिवार ते शनिवार ही इथल्या झीतची जुनी रीत आहे. फिजाकचा मोठा बाजार शनिवारी सकाळी भरतो. तुम्ही पोहोचाल तेव्हा तो उठलेला असेल आणि निघण्याच्या दिवशी तुम्ही सामान भरण्यात गुंतलेले असाल. म्हणजे दोन आठवड्यांत तो एकदाच तुमच्या वाट्याला येईल. ल ब्यूगचा मुख्य बाजार मंगळवारी असतो, तो दोनदा मिळेल, आणि बुधवारी सार्लाच्या बाजाराला जाता येईल.

पोहोचण्याच्या दिवशी मात्र किल्ली घेण्याआधीच सुपरमार्केट उरकून घ्या. रविवारी दुपारी जवळपास सगळेच बंद होते आणि सोमवारी अनेक लहान दुकाने उघडत नाहीत. तुमच्या तारखांत पेंतकोत या ख्रिस्ती सणाचा सोमवार येत असेल तर ती सार्वजनिक सुट्टी आहे, त्यामुळे मंगळवारच्या बाजारापर्यंत पुरेल एवढे दूध, भाजी आणि तांदूळ घरात ठेवावेत. पाववाला रविवारी सकाळी उघडा असतो. तो कोणत्या वारी बंद असतो हे मालकाला आताच विचारून ठेवा.